वर जायला जिना, खाली जायला?

"आबा, आला! केवढा मोठा!"

ओमने काचेला नाक लावलं होतं. पलीकडे हिरवट पाणी, आणि त्या पाण्यात हातभर लांबीचा एक चिनूक सॅमन प्रवाहाला तोंड देऊन थबकलेला. दोन क्षण तो तसाच राहिला, मग शेपटीचा एक फटका मारून वरच्या पायरीकडे पसार झाला. त्याच्यामागून दुसरा, तिसरा. एक लॅम्प्रे मात्र आपलं गोल तोंड काचेला चिकटवून वामीसारखा लोंबकळत राहिला. ओमने त्याला जीभ काढून दाखवली.

ही बॉनव्हिल धरणावरची गोष्ट. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात कोलंबिया नदी ओरेगन आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांच्या मधून समुद्राला मिळते. माझा मुलगा राहतो त्या पोर्टलंडहून नदीकाठाने पासष्टेक किलोमीटर वर गेलं की हे १९३८ सालचं धरण लागतं. त्याच्या बाजूला माशांसाठी सिमेंटचा जिना आहे. एकापेक्षा एक थोडे उंच असे पाण्याचे हौद. वरच्यातून खालच्यात पाणी सांडत असतं आणि मासे एकेक हौद चढत जातात. जिन्याच्या वाटेत काचेच्या खिडक्या आहेत. एका खिडकीपाशी कर्मचारी बसून वर जाणारे मासे मोजतात, जातवार. हा हिशेब धरण बांधलं त्या वर्षापासून चालू आहे.

ओम माझा नातू, सई नात, अकरा वर्षांची. ती बराच वेळ गप्प होती. बाहेर पडताना म्हणाली, "आबा, मोठे मासे वर जातात, अंडी घालतात. मग त्यांची पिल्लं समुद्रात कशी येतात? त्यांचा जिना कुठेय?"

मी तीस वर्षं एका धरणाच्या पायथ्याशी, वीजघरात टर्बाइनची देखभाल केली. नोकरीत असताना हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. पडला तो निवृत्तीनंतर, पाच वर्षांपूर्वी, याच खिडकीसमोर उभा असताना. तेव्हापासून या माशांबद्दल हाती लागेल ते वाचत आलो आहे. तिला म्हटलं, "रात्री सांगतो. लांबची गोष्ट आहे."

रात्री वरणभात झाला, भांडी आवरली, आणि दोघं माझ्या पलंगावर येऊन बसली.

"तर ऐका. आयडाहो नावाचं राज्य आहे. तिथल्या एका डोंगररांगेचं नाव सॉटूथ, म्हणजे करवतीचे दाते. दिसतातही तसेच. त्या डोंगरांच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटर उंचीवर एक तळं आहे, रेडफिश लेक. आपण त्याला तांबडमाशांचं तळं म्हणू. तिथे येणाऱ्या सॅमनची जात सॉकाय. समुद्रात असतो तोवर हा मासा चांदीसारखा असतो. तळ्यावर पोचेपर्यंत त्याचं अंग कुंकवासारखं लाल आणि डोकं हिरवं होतं."

"रावससारखा लागतो का?" ओमने विचारलं. त्याचं सगळं ज्ञान ताटातून सुरू होतं.

"हॉटेलवाले रावसाला इंडियन सॅमन म्हणतात खरे, पण दोघांचं काही नातं नाही. रावस खाडीतला. आणि हा बघ कसा: समुद्रापासून तळं आहे चौदाशे पन्नास किलोमीटर. पुण्याहून दिल्लीला जावं तेवढं. आणि सगळा चढ. नदीत शिरल्यापासून हा काही खात नाही, अंगातल्या चरबीवर चालतो. पोचला की मादी काठाच्या खडीत शेपटीने खळगा करते, त्यात दोन-अडीच हजार अंड्यांची गाबोळी मोकळी करते. मग थोड्याच दिवसांत आईही मरते आणि बापही."

ओमचा चेहरा पडला. मी घाईने पुढे सरकलो.

"पण आपली गोष्ट त्यांची नाही. त्या हजारो अंड्यांतल्या एका पिलाची आहे. नाव काय ठेवायचं?"

"चिमी," ओम म्हणाला.

"ठीक. तळ्यावर बर्फ साचलेलं असताना चिमी खडीतल्या अंड्यात होती. वसंतात बाहेर आली तेव्हा पोटाखाली पिवळ्या बलकाची शिदोरी होती. ती संपेपर्यंत खडीतच लपून राहिली, मग तळ्यात शिरली. आपल्याकडे मत्स्यपालनवाले पिलांना आकारावरून नावं देतात. अगदी बारीक असतात तेव्हा मत्स्यजिरे, बोटाएवढी झाली की बोटुकली. चिमी वर्षभर तळ्यातले बारीक जीव खात बोटुकली झाली. अंगावर गडद उभे पट्टे, झाडाच्या सावलीत दिसू नये असे.

"पुढच्या वर्षी एप्रिल-मे आला, दिवस मोठा झाला, आणि चिमीच्या अंगात काहीतरी फिरलं. पट्टे पुसट झाले, खवले चांदीसारखे चमकू लागले. आणि सगळ्यात मोठा बदल कल्ल्यांत झाला. ओम, गणपतीपुळ्याला तू समुद्राचं पाणी गिळलं होतंस, आठवतं?"

"खारट! ओकलो होतो."

"गोड्या पाण्यातल्या माशाचं तेच होतं, फक्त जास्त वाईट. गोड्या पाण्यात राहायचं तर कल्ल्यांनी पाण्यातलं थोडंथोडं मीठ ओढून अंगात ठेवावं लागतं. समुद्रात उलटं. तिथे अंगातलं मीठ सतत बाहेर फेकत राहावं लागतं, नाहीतर मासा मरतो. चिमीच्या कल्ल्यांतल्या पेशी ही उलटी चाल शिकत होत्या. अशा पिलाला स्मोल्ट म्हणतात. पण ही तयारी काही आठवडेच टिकते. तेवढ्यात समुद्र गाठायचा. उशीर झाला तर शरीर परत जुन्या वळणावर जातं."

"म्हणजे एसटीच्या रिझर्व्हेशनसारखं," सई म्हणाली. दर उन्हाळ्यात सातारा-रत्नागिरी करणारी मुलगी. मला उपमा आवडली.

"तसंच. आणि निघण्याआधी चिमीने आणखी एक काम केलं. तळ्याचा वास लक्षात ठेवला. विस्कॉन्सिनमध्ये आर्थर हॅस्लर नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांचं लहानपण युटाच्या डोंगरांत गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर एकदा ते तिथे फिरायला गेले असताना धबधब्याच्या बाजूने वारा आला. त्यात शेवाळाचा आणि रानफुलांचा वास होता. त्या वासाबरोबर त्यांना लहानपणचे विसरलेले मित्र एकदम आठवले. पहिल्या पावसात मला आजोळचं अंगण आठवतं ना, तसं. त्यांच्या मनात आलं, सॅमन असंच तर करत नसेल? मग त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्याने परतणाऱ्या माशांच्या नाकपुड्यांत बोळे घालून सोडले. वास बंद झाला आणि मासे वाट चुकले. स्मोल्ट आपल्या ओढ्याचा वास घेऊन निघतो आणि मोठा झाल्यावर त्या वासाच्या मागाने परत येतो, हे तेव्हापासून कळत गेलं."

"मग चिमी निघाली?"

"निघाली. पण कशी माहितीय? बरेचदा शेपटी पुढे आणि तोंड मागे. ही पिल्लं प्रवाहाकडे तोंड करून मागे मागे वाहत जातात. त्यांना पोहायची फार गरजच नसते. डोंगरावरचं बर्फ वितळतं, नदी दुथडी भरून धावते, आणि पिलांना उचलून समुद्रात नेऊन ठेवते. हजारो वर्षं हेच चाललं होतं. नदी म्हणजे त्यांची गाडी. चिमी सॅमन नदीतून स्नेक नदीत आली, आणि तिथे गाडी बंद पडली."

"का?"

"पुढे पाणी उभं होतं."

मी उशीवर बोटाने रेघ काढली. "चिमीच्या वाटेत स्नेक नदीवर चार धरणं: लोअर ग्रॅनाइट, लिटल गूस, लोअर मॉन्युमेंटल, आइस हार्बर. स्नेक कोलंबियाला मिळाल्यावर आणखी चार: मॅकनेरी, जॉन डे, द डॅल्स, आणि आज पाहिलंत ते बॉनव्हिल. एका धरणाचं पाणी संपतं तिथे दुसऱ्याचा जलाशय सुरू होतो. सुमारे पाचशे किलोमीटर नदी म्हणजे आठ तळ्यांची माळ. वाहून जाणाऱ्या पिलाला उभ्या पाण्यात वाहता येत नाही. धरणांआधी जो प्रवास दोन-तीन आठवड्यांत व्हायचा, त्याला आता दुप्पट आणि उन्हाळा कोरडा असेल तर त्याहूनही जास्त दिवस लागतात. अंगातलं घड्याळ तर थांबत नाही. शिवाय उथळ, उभं पाणी तापतं, आणि तापलेल्या पाण्यात पाइकमिनो नावाच्या खादाड माशांना भूक जास्त लागते. हा मासा पकडून आणून दिला की सरकार गळ टाकणाऱ्यांना नगाप्रमाणे पैसे देतं. १९९० च्या सुमारास ही योजना सुरू झाली, अजून चालू आहे."

ओमला धंद्याचं सुचलं. उद्याच गळ घेऊन जायचं ठरलं.

"समजा, चिमी पहिल्या धरणाच्या भिंतीपर्यंत पोचली. आता पलीकडे कसं जायचं? मोठ्यांचा जिना तिच्या कामाचा नाही. त्यातून वाहणारं पाणी थोडं, आणि चिमी जाते जिकडे पाण्याचा मोठा ओढा तिकडे. मोठा ओढा असतो टर्बाइनकडे."

इथे माझा आवाज बदलला असावा, कारण सईने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"या धरणांवरची टर्बाइन कॅप्लन जातीची आहेत. व्हिक्टर कॅप्लन नावाच्या ऑस्ट्रियन इंजिनियरने शोधलेली. बोटीच्या पंख्यासारखं चक्र, आडवं सात-आठ मीटर. आपली ही खोली आणि बाहेरचा हॉल मिळून होईल एवढं. ते फार भराभर फिरत नाही, मिनिटाला पंच्याहत्तर ते नव्वद फेरे. बघणाऱ्याला वाटतं, सावकाश चाललंय. पण चक्र एवढं मोठं की पात्याच्या टोकाचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात किंवा वर जातो. सगळ्यांना वाटतं की पिल्लं पात्याने कापली जात असतील. काही जातात. पण चिमी बोटाएवढी, पात्यांमधली फट माणूस मावेल एवढी. बहुतेकदा तिला पातं लागतच नाही. तिला मारतो तो दाब.

"महाबळेश्वरला जाताना वेफर्सचं पाकीट काय करतं?"

"फुगतं!" दोघं एकदम.

"घाट चढताना बाहेरचा हवेचा दाब कमी होतो आणि पाकिटातली हवा पसरते. माशाच्या पोटातही असंच पाकीट असतं, हवेची पिशवी. तिच्या जोरावर तो पाण्यात तरंगतो. चिमी वरवरच्या पाण्यात राहणारी. तिला वीस-पंचवीस मीटर खाली ओढून नेलं की पिशवी दबते. चक्राच्या वर दाब वातावरणाच्या तिप्पट असू शकतो. पातं ओलांडलं की लगेच खाली तो वातावरणाहूनही कमी होतो. हे सगळं सेकंदाच्याही आत. महाबळेश्वरचा घाट पाकिटाने डोळ्याची पापणी लवायच्या आत चढावा, तसं. सॅमनला तोंडावाटे हवा सोडता येते, पण तेवढा वेळच मिळत नाही. पिशवी फुटते, डोळ्यांत आणि कल्ल्यांत रक्त साकळतं. जी वाचतात ती गरगरलेली बाहेर येतात, आणि पाणी बाहेर पडतं तिथे पाइकमिनो आणि समुद्रपक्षी वाटच पाहत असतात."

मी थांबलो. मग त्यांना वीजघरातली एक गोष्ट सांगितली. दर वर्षी आम्ही यंत्र बंद करायचो, पाणी काढायचो, आणि चक्रापाशी उतरायचो. हातातली बॅटरी पात्यावर मारली की खालच्या अंगाला वाळवी लागल्यासारखी भोकं दिसायची. ही कॅव्हिटेशनची करणी. दाब फार पडला की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि ते फुटताना पोलादाचा कपचा काढतात. आम्ही ती भोकं वेल्डिंग करून बुजवायचो, घासून गुळगुळीत करायचो, रजिस्टरला नोंद करायचो. पोलादाचं काय होतं हे तीस वर्षं बोट घालून पाहिलं. त्याच पाण्यातून जाणाऱ्या जिवाचं काय होत असेल हे माझ्या मनात आलं नाही. जाळीवर अडकलेला पालापाचोळा तेवढा काढायचा, एवढंच आम्हाला माहीत.

"इकडे मात्र कुणाच्या तरी मनात आलं," मी म्हणालो. "वॉशिंग्टन राज्यातल्या रिचलंडच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने एक खोटा मासा केला. प्लास्टिकची चार बोटं लांब नळी, आत दाब, धक्का आणि गिरकी मोजणारी यंत्रं. सेकंदाला दोन हजारांवर नोंदी. तो टर्बाइनमध्ये सोडायचा आणि खालून उचलून घ्यायचा. कुठे आपटला, कुठे दाब पडला, सगळं सांगतो. त्या नोंदींवरून आइस हार्बर धरणावर अलीकडे नव्या घडणीची चक्रं बसवली, पिलांना सोसेल असा दाब ठेवणारी."

"पण टर्बाइनमध्ये जायचंच कशाला?" सई म्हणाली. "सांडव्यावरून उडी मारायची."

"बरोबर. ती दुसरी वाट. पण सांडव्याचे दरवाजे उघडतात खाली, पाण्यात पंधरा मीटर खोल. चिमी वरच्या पाच-सहा मीटरांत फिरणारी. दार आहे, पण ते तळघरात. पिल्लं भिंतीपाशी घुटमळत राहतात. आणि जुन्या काळी सांडव्यावरून फार पाणी सोडलं की दुसरीच पीडा व्हायची. उंचावरून कोसळणारं पाणी हवा सोबत घेऊन खोल जातं आणि दाबाखाली तिच्यातला नायट्रोजन पाण्यात विरघळतो. सोड्याची बाटलीच. त्या पाण्यातला मासा वर आला की त्याच्या रक्तात बुडबुडे येतात. साठच्या दशकाच्या शेवटी अशा बुडबुड्यांनी पिल्लं आणि मोठे मासे ढिगांनी मेले. मग सांडव्याच्या पायथ्याशी सिमेंटचा ओठ बांधला, पाणी खोल न जाता आडवं फेकलं जावं म्हणून. आणि २००१ साली लोअर ग्रॅनाइटवर सांडव्याच्या दारात पोलादाची एक घसरगुंडी बसवली. वरवरचं पाणी तिच्यावरून जातं, पिल्लंही जातात. पिलाला हवी तिथे वाट केली की ते आपणहून येतं. बॉनव्हिल झाल्यापासून हे कळायला त्रेसष्ट वर्षं लागली."

"तिसरी वाट?"

"टर्बाइनच्या तोंडाशी मोठ्या जाळ्या लावल्या. पिल्लं जाळीला अडून वर वळतात, एका विहिरीत येतात, तिथून पन्हळीने धरणापलीकडे. काही पिलांच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी काचेची खूणगाठ घातलेली असते. पन्हळीतल्या वेटोळ्याखालून गेलं की यंत्र तिचा क्रमांक वाचतं. कोणतं पिल्लू कुठल्या दिवशी कुठल्या धरणावरून गेलं, हे त्यामुळे कळतं.

"आणि त्या पन्हळीच्या शेवटी काही वेळा बार्ज उभी असते. १९७७ पासून पिल्लं बोटीत भरून नेतात."

ओम उठून बसला. "मासे बोटीतून?"

"मासे बोटीतून. नदीचंच पाणी आतून खेळवत, सगळी धरणं लॉकमधून, म्हणजे बोटी चढवण्या-उतरवण्याच्या दारबंद हौदांतून उतरवत, दीड-दोन दिवसांत बॉनव्हिलच्या खाली नेऊन सोडतात. एकही टर्बाइन नाही, एकही पाइकमिनो नाही. मोजलं तर बोटीतली जवळजवळ सगळी पिल्लं जिवंत उतरतात. पण तीच मोठी होऊन परत येतात तेव्हा नदीतून वाहत गेलेल्यांपेक्षा जास्त वाट चुकतात. का?"

सईने डोळे बारीक केले. "वास! वाटेतले वास घेतलेच नाहीत त्यांनी."

शास्त्रज्ञांचाही अंदाज तोच आहे. रात्रीच्या रेल्वेत झोपून गेलेल्या माणसाला मधली स्टेशनं कुठून माहीत असणार?

मग मी तिला हिशेब घातला. कॅप्लन टर्बाइनमधून गेलेल्या शंभर पिलांतली साधारण पाच ते पंधरा दगावतात. आपण दहा धरू. एका धरणाला दहा टक्के, कानाला बरं वाटतं. आता आठ वेळा कर.

ती बोटांवर सुरू झाली. "शंभर. नव्वद. एक्याऐंशी. त्र्याहत्तर. सहासष्ट. एकोणसाठ. त्रेपन्न. अठ्ठेचाळीस. त्रेचाळीस." मग गप्प झाली.

"म्हणून इथे २००८ साली नियम ठरला, वसंतात उतरणाऱ्या शंभर पिलांतली किमान शहाण्णव प्रत्येक धरण सुखरूप ओलांडली पाहिजेत. जाळ्या, घसरगुंड्या, सांडव्याचं पाणी, सगळं करून बरीच धरणं त्या आकड्याच्या आसपास आली. शहाण्णव आठ वेळा केले तर उरतात बहात्तर. आणि मधल्या आठ जलाशयांतली मर यात धरलेलीच नाही. ती धरली तर स्नेकमधून निघालेल्या वसंतातल्या पिलांपैकी साधारण निम्मीच बॉनव्हिलच्या खाली पोचतात. तिथून पुढे मुखाशी पक्षी. गाळ काढून केलेल्या राइस आयलंड नावाच्या बेटावर कॅस्पियन टर्न पक्ष्यांनी वसाहत केली आणि ते वर्षाला कोटीच्या आसपास पिल्लं फस्त करू लागले. शेवटी ती वसाहत समुद्राजवळच्या दुसऱ्या बेटावर हलवली, तिथे त्यांना समुद्रातले मासे मिळतात."

"चिमी जगली का?" ओमने विचारलं. मघापासून तो हेच विचारायचं थांबला होता.

"चिमी जगली. पण तिच्या वंशात काय झालं ते ऐक. १९९१ साली स्नेक नदीचा सॉकाय नामशेष होण्याचा धोका असलेल्या जातींच्या यादीत गेला. १९९२ साली तांबडमाशांच्या तळ्यावर समुद्रातून किती मासे परत आले असतील?"

"शंभर?"

"एक. एकच नर. चौदाशे पन्नास किलोमीटर, आठ जिने चढून आला, आणि तळ्यात दुसरं कुणी नाही. लोकांनी त्याचं नाव ठेवलं एकटा लॅरी. त्याचं रेत गोठवून ठेवलं. १९९१ ते १९९८ या आठ वर्षांत मिळून सोळा मासे आले. ते सगळे ताब्यात घेऊन, त्यांची अंडी हौदात वाढवून, हा वंश टिकवला. आज तळ्यावर परतणारे सॉकाय या जपून ठेवलेल्या वंशातलेच. चिमीसुद्धा."

ओम झोपला. सई जागीच होती.

"आबा, जिना बांधताना पिलांचं कुणालाच कसं सुचलं नाही?"

याचं उत्तर मला माझ्यापुरतं सापडलं आहे. मोठा सॅमन दिसतो. तो धरणाच्या भिंतीवर येऊन डोकं आपटतो. तो कोळ्याच्या जाळ्यात येतो, डब्यात भरून विकला जातो. कोलंबियाच्या काठी डबाबंद माशांचे कारखाने होते. मासा वर गेला नाही तर ते बुडतील, अशी ओरड झाली, म्हणून १९३८ साली जिना झाला. बोटाएवढं पिल्लू मे महिन्याच्या अंधाऱ्या रात्री गढूळ पाण्यातून खाली जातं. ते कुणी विकत नाही, ते कुणाला दिसतही नाही. एवढं लहान पिल्लू टर्बाइनमधून सहज निघून जाईल, असं पुष्कळांनी धरून चालवलं. ज्याची गाऱ्हाणी वर पोचतात त्याची सोय होते.

आणि माणसांचंही तेच झालं. नेझ पर्स, यकामा, उमाटिला आणि वॉर्म स्प्रिंग्ज या आदिवासी जमातींनी १८५५ च्या करारांत जमीन दिली, पण आपल्या नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क राखून ठेवला. त्यातली सगळ्यात मोठी जागा सेलायलोचा धबधबा. १० मार्च १९५७ ला द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत तो धबधबा पाण्याखाली गेला. त्याही वरचं ग्रँड कूली धरण तर १९४२ साली विनाजिन्याचंच पुरं झालं. त्याच्या वरच्या नदीत सॅमन येणंच थांबलं.

"मग धरणं वाईट?" सईने विचारलं.

मी हो म्हणू शकलो नाही. या खोलीतला दिवा त्याच नदीवर जळतो. अमेरिकेतल्या जलविजेपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त वीज कोलंबियाच्या खोऱ्यातून येते, आणि तिला धूर नाही. माझा सगळा संसार अशाच विजेवर झाला, तिच्या बापाचं शिक्षणही. पण एकदा बांधलं म्हणजे कायमचं, असंही नाही. एल्व्हा नदीवरची दोन जुनी धरणं २०११ ते २०१४ मध्ये पाडली. क्लॅमथवरची चार २०२४ मध्ये पाडून झाली, आणि काही आठवड्यांतच चिनूक सॅमन त्या मोकळ्या पाण्यात वर गेलेले दिसले. स्नेकवरच्या चार धरणांचा वाद मात्र मिटलेला नाही. त्यांच्या लॉकमधून गव्हाच्या बार्ज बंदरापर्यंत जातात, शेतकऱ्याला ती धरणं हवी आहेत. जमातींना नदी हवी आहे. २०२३ साली सरकारने जमातींशी एक समझोता केला, २०२५ साली पुढच्या सरकारने तो मोडला. पिल्लं दर मे महिन्यात येतच आहेत.

आपल्याकडे गंगेवर फराक्क्याचा बांध १९७५ साली सुरू झाला. त्याआधी समुद्रातला हिल्सा पार अलाहाबादपर्यंत चढायचा. तिथेही चर्चा झाली ती वर जाणाऱ्या माशाची, कारण ताटात तोच येतो.

सईने पांघरूण ओढलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मी त्या खिडकीतल्या काकूंना विचारणार, खाली जाणारे कुठे मोजता म्हणून."

वाचकहो, तुम्हीही विचारा. कुठल्याही धरणावर गेलात की भिंतीची उंची सांगतील, मेगावॉट सांगतील, एखाद्या ठिकाणी माशांचा जिना कौतुकाने दाखवतील. कौतुक करा, तेवढं ते काम आहेच. मग सईचा प्रश्न विचारा: हा चढायचा झाला, उतरायचा कुठे आहे? मी तीस वर्षं तिथे होतो. मला हे कुणी विचारलं असतं, तर मी एकदा तरी त्या जाळीपाशी वाकून पाहिलं असतं.